फक्की मिळेपर्यंत

बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण गावात मला ‘गणिताच्या मॅडम’ असं फारसं कोणी म्हटलं नाही. भाजीवालीपासून पोस्टातल्या कारकुनापर्यंत सगळ्यांना मी ‘फक्कीवाल्या मॅडम’. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी भुकटी. क्रीडा विभागाची निम्मी फक्की गणित विभाग उडवतो, अशी लेखी तक्रार आमच्या क्रीडाशिक्षकांनी प्राचार्यांकडे केली होती. तक्रार खरी होती.

त्याला कारण पोलर समीकरणं. शब्द ऐकून पान उलटू नका, प्रकार अगदी घरगुती आहे. खेड्यात पत्ता सांगताना कोणी ‘इतकं पूर्वेला आणि मग इतकं उत्तरेला’ असं सांगत नाही. ‘विहिरीपाशी उभे राहा, त्या लिंबाकडे तोंड करा आणि पन्नास पावलं चाला’ असं सांगतात. हेच पोलर. विहीर म्हणजे ध्रुव, किती वळायचं तो कोन म्हणजे थीटा आणि किती चालायचं ते अंतर म्हणजे आर. समीकरण एवढंच सांगतं, की इतकं वळलात तर इतकं चाला. कोन थोडाथोडा वाढवायचा, दर वेळी तेवढं अंतर जाऊन खूण करायची. खुणा जोडल्या की आकृती होते. कधी वर्तुळ, कधी गोगलगाईचं वेटोळं, कधी पाकळ्यांचं फूल.

पोरं अडायची ती आर ऋण आला की. उणे तीन पावलं चालायची कशी? फळ्यावर सांगून घसा बसला, तेव्हा मी वर्ग मैदानावर नेला. सोबत वानखडे मामा. ते खरं म्हणजे फिजिक्सच्या प्रयोगशाळेतले परिचर, पण त्यांना चार भिंतींत करमत नसे. मामांनी मधोमध खुंटी ठोकली, दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, आणि एकेका विद्यार्थ्याला खुंटीपाशी उभं केलं. आर ऋण आला तर तोंड त्याच दिशेला ठेवायचं आणि मागे मागे चालत पलीकडे जायचं, तिथे चिमूटभर फक्की टाकायची. पोरं धडपडली, हसली, पण ऋण आर कोणी जन्मात विसरलं नाही.

थांबायचं कधी, हा पुढचा प्रश्न. त्याचा नियम मामांनीच घालून दिला. “फक्की फक्कीले मिळेपर्यंत चालायचं. जिथून निघालो तिथं आलो की सुट्टी.” एका फेऱ्यात मिळो की दोन फेऱ्यांत. पुस्तकात हेच दीड पान लिहिलेलं असतं.

मग मशीन आलं. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला होता. सुटीवर आला तेव्हा त्याने विभागाला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर भेट दिला. हातात मावणारा, चार सेलवर चालणारा, वर करड्या रंगाचा छोटा पडदा. प्राचार्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि “रिमोट कशाचा आहे?” असं विचारलं.

पहिल्याच प्रात्यक्षिकात माझी फजिती झाली. बदामाच्या आकाराचा वक्र आता आपोआप उमटेल असं सांगून मी बटण दाबलं, आणि पडद्यावर नखाएवढी एक उभी रेघ आली. मशीन अंशांवर लावलेलं होतं आणि फेरा मी रेडियनमध्ये भरला होता, सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांश. मशीन बिचारं सहा अंश वळलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी वर्तुळ काढलं तर ते अंड्यासारखं चेपलेलं, कारण पडदा उंचीला कमी आणि रुंदीला जास्त. तिसऱ्या दिवशी थीटाची पावलं फार लांब लांब भरली गेली आणि फुलाच्या जागी कोळ्याचं जाळं आलं. विंडोच्या पानावर हे सगळं आपण भरायचं असतं: कोन कुठून सुरू, किती पावलांनी, कुठे थांबायचं. मशीनला यातलं काही कळत नाही. ते सांगितल्या जागी थांबतं, घर आलं की नाही ते पाहत नाही.

हे मला तेव्हा कळत होतं. पण महिनाभरात हात बसला आणि कळलेलं विसरायला झालं. थीटा-मॅक्सला, म्हणजे थांबायच्या कोनाला, दोन पाय (गणितातला π), म्हणजे एक पूर्ण फेरा, असं भरून ठेवलं की पुस्तकातले बहुतेक वक्र बिनबोभाट यायचे. एप्रिलच्या उन्हात मैदानावर कोण जातंय? खुंटी माळ्यावर गेली. क्रीडाशिक्षकांनी मला पहिल्यांदाच हसून नमस्कार केला.

फक्कीवर चाललेल्या शेवटच्या तुकडीत मनीषा होती. धाड गावाहून रोज एसटीने यायची. वडील भाजीपाला पिकवायचे आणि आठवडी बाजारात बसायचे. मुलगी हुशार, पण मुळात भांडखोर. फळ्यावर तीन ओळी झाल्या की तिचा हात वर, आणि तोंडात वऱ्हाडी ‘का’. “काऊन, मॅडम? हे असंच काऊन?” मला ती आवडायची आणि तिचा वैतागही यायचा. खरं सांगायचं तर ज्या दिवशी माझी तयारी कमी, त्या दिवशी वैताग जास्त.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. नागपूरकडचे एक बाह्य परीक्षक आले होते. स्वभावाने मोकळे, मशीनवर लट्टू. ते एकेक वक्र सांगायचे, मी बटणं दाबायची आणि त्यांनी “वा!” म्हणायचं, असा आमचा तासभर खेळ चालला होता. मी फुशारून गेले होते, नाही कशाला म्हणू? मनीषाच्या चिठ्ठीत आर बरोबर कॉस अर्धा थीटा असा वक्र निघाला. पुस्तकात नसलेला. मलाही आकृती तोंडपाठ नव्हती, म्हणून मशीनला विचारली.

पडद्यावर मधल्या आडव्या रेषेच्या फक्त वरच्या बाजूला आकृती आली. उजव्या टोकाकडून एक कमान निघाली, स्वतःलाच एक गाठ मारून डाव्या टोकाला जाऊन थांबली. मनीषाच्या कागदावर वर तेच होतं, आणि खाली, पाण्यात पडलेल्या सावलीसारखं, तेवढंच आणखी.

“हे खालचं कुठून आणलंस?” मी विचारलं.

“दुसऱ्या फेऱ्यातून, मॅडम. एका फेऱ्यात पुरं नाही होत ते.”

“मशीनमध्ये बघ. आहे का खाली काही?”

“मशीनमधी नाही. पण मायनस थीटा टाकला तरी आर तोच राह्यते ना? मंग जे वर आहे ते खाली काऊन नाही येणार?”

कोन उलट बाजूला घेतला तरी अंतर तेच येत असेल, तर वरची आकृती खाली उमटायलाच हवी. हा नियम तिला मीच शिकवला होता, पहिल्या वर्षी, अगदी पहिल्या महिन्यात.

परीक्षक हसले. “बेटा, मशीन खोटं बोलत नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “वाद पुरे. मशीनपेक्षा तू शहाणी का?”

“बरं, मॅडम,” ती म्हणाली. पेनाला टोपण लावलं आणि बाहेर गेली. आम्ही तिला त्या प्रश्नाला दहापैकी तीन गुण दिले. दोघांच्या सह्या झाल्या, गुणपत्रक पाकिटात गेलं. लेखी पेपर पुन्हा तपासून घेता येतो, प्रात्यक्षिकाला ती सोय नाही. आणि मनीषाला विद्यापीठाच्या विभागात एम.एस्सी. करायचं होतं. तिथली यादी गुणांवर लागते, पाच-सात गुणांत नाव कुठल्या कुठे जातं. विद्यापीठात नंबर लागला तर वसतिगृहात ठेवू, नाही तर शिक्षण इथंच पुरे, असं तिच्या घरी ठरलं होतं. हे तिने मला स्वतः सांगितलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बाह्य परीक्षकांचा एक शिरस्ता आहे. परीक्षा आटोपली की त्यांना शेगावला दर्शन घ्यायचं असतं आणि तिथूनच गाडी पकडायची असते. आमचे परीक्षकही तीनच्या सुमारास जीपने शेगावला गेले. मी कागद आवरत होते, मामा टेबलं पुसत होते. मशीन चालूच राहिलं होतं. मामांनी एकदा पडदा पाहिला, एकदा मनीषाचा कागद.

“मॅडम, मशीनवाल्याची फक्की मिळाली नाही.”

“काय?”

“हा पाहा ना, उजवीकून निघाला अन् डावीकडे जाऊन उभा राह्यला. दोन्ही टोकं मोकळे हायेत. घरी आलाच नाही. पोरीचा आला.”

मी थीटा-मॅक्सला चार पाय भरलं आणि ग्राफचं बटण दाबलं. ते मशीन फार सावकाश काढायचं, ठिपका ठिपका पुढे सरकायचा. वरचा भाग झाला. ठिपका डाव्या टोकाशी आला, आणि न थांबता खाली वळला. मी मनीषाचा कागद पडद्याशेजारी धरला.

गुणपत्रकात खाडाखोड करायची तर दोन्ही परीक्षकांच्या सह्या लागतात, आणि पाकीट सकाळी कार्यालयात जमा व्हायचं होतं. मामा म्हणाले, “खामगाव गाडी लागली असन आता.” पर्समध्ये पाकीट, मनीषाचा कागद आणि कॅल्क्युलेटर टाकून मी निघाले. घरी निरोप मामांनीच दिला. बोथ्याच्या घाटात एसटी एका ट्रकमागे अडकली, तेव्हा मी ड्रायव्हरला दोनदा काहीतरी बोलले. तो म्हणाला, “बाई, महाराज कुठी पळून नाही चालले.” त्याला काय सांगणार, की मला महाराजांना नाही, एका परीक्षकाला गाठायचं आहे!

खामगावला गाडी बदलून शेगावला पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मंदिरात गेलेच नाही, सरळ स्टेशन. सर फलाटावरच्या बाकावर प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

“अरे वा, मॅडम! तुम्हीसुद्धा दर्शनाला?”

“नाही सर. सही घ्यायला.”

मी कागद दाखवला. ते ऐकून घेत होते, पण चेहऱ्यावर ‘एका मुलीच्या सात गुणांसाठी एवढं?’ असं स्पष्ट लिहिलेलं. मग मी कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “थीटा-मॅक्स तुम्हीच भरा. चार पाय.” त्यांनी भरलं. गाडीची घोषणा झाली. ठिपका वरून चालला होता, त्याच्या चालीने. लोक सामान उचलू लागले. सर उठले नाहीत. ठिपका डाव्या टोकाशी पोचला, खाली उतरला, तिथलीही गाठ मारून उजवीकडे निघाला. इंजिनाचा दिवा दिसायला लागला तेव्हा तो सुरुवातीच्या जागी येऊन मिळाला.

“अरेच्चा,” सर म्हणाले. “ती तर सांगत होती.”

“हो. सांगत होती.”

पिशवी बाजूला ठेवून त्यांनी तीनवर आडवी रेघ मारली, दहा लिहिले, सही केली. मीही केली. डब्यात चढता चढता वळून म्हणाले, “एक सांगू का? वर्गात हे काढू नका. शिक्षकाचा वचक एकदा गेला की गेला. गुण मिळाले, काम झालं.”

त्यांचं म्हणणं मी लगेच मानलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. निकाल लागला, मनीषाचा विद्यापीठात नंबर लागला. पेढे घेऊन आली तेव्हा मी “छान, शाब्बास” म्हटलं आणि चहा केला. त्या वक्राचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. नंतरच्या वर्षी मैदानावरची फक्की मात्र मी पुन्हा सुरू केली. मामा खुशीत आले आणि क्रीडाशिक्षकांचा नमस्कार बंद झाला.

मला निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. मामा गेले. मशीन माझ्याकडेच आहे, विभागाला त्याचा उपयोग राहिला नाही. गेल्या उन्हाळ्यात मनीषाचा फोन आला. ती उंद्रीला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. ते मशीन काही दिवस मिळेल का, असं विचारत होती.

“अगं, आता फोनवर क्षणात येतात आकृत्या.”

“म्हणूनच तर, मॅडम. फोनवर बोट लावलं की झालं. पोरायले काही समजतच नाही कुठून आलं अन् कुठं गेलं. तुमचं मशीन हळूहळू काढते ना, ते पाह्यजे मले.”

रविवारी ती घरी आली. नवे सेल घालून मी मशीन तिच्या हातात दिलं. तिने सवयीने विंडोचं पान उघडलं आणि थबकली.

“थीटा-मॅक्स चार पाय? हे काऊन असं?”

“मीच ठेवते. सेल बदलले की पहिलं काम तेच.”

मग मी तिला सगळं सांगितलं. मामांनी काय पाहिलं, घाट, फलाट, खोडलेले तीन, सरांचा सल्ला. मला वाटलं होतं ती हसेल, फार तर डोळ्यांत पाणी येईल. तिने मशीन बंद केलं.

“म्हणजे ते गुण तुम्ही दयेनं नव्हते वाढवले?”

“दयेनं? छे. तुझेच होते ते.”

“निकालात प्रात्यक्षिकाचे गुण पुरे दिसले. मले वाटलं, मी व्हरांड्यात रडत होती ते कोणी तुम्हाले सांगतलं असन. कीव आली असन.” मशीन टेबलावर ठेवून ती म्हणाली, “मॅडम, त्याच्यानंतर एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मी एकाही सरले काऊन म्हणून विचारलं नाही. म्हटलं, आपल्याले दिसते ते काही खरं नसते. चुपचाप लिहून घ्यायचं.”

मी तीस वर्षांत पुष्कळ चुका केल्या, त्यातल्या बऱ्याच हसून सांगते. ही ऐकून मात्र मला कुठे बघावं कळेना. सात गुण मी शेगावहून परत आणले आणि काम झालं असं समजले. तिचं जे गेलं होतं ते गुणपत्रकात नव्हतंच, आणि ते परत द्यायला मला शेगावपर्यंतही जायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन वाक्यं बोलायची होती.

“माझं चुकलं, मनीषा,” मी म्हणाले.

“मले नका सांगू. मले तर आता समजलं.” तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिला शोभत होता. “माह्या वर्गात येऊन सांगा.”

कॉलेज सुरू झाल्यावर मी उंद्रीला गेले. अकरावीचा वर्ग, पुढच्या बाकावर मुली, मागे मुलं, खिडकीबाहेर सोयाबीन. मनीषा मागच्या भिंतीशी उभी राहिली. मी मुलांना सरळ सांगितलं, की तुमच्या मॅडमनी परीक्षेत एक आकृती बरोबर काढली होती आणि मी ती भर परीक्षेत चूक ठरवली. मशीनवर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही. झाल्यावर चूक कळली, गुण दुरुस्त केले, पण तिला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शिक्षक असं बोलतात हे त्यांना नवीन असावं. मलाही नवीनच होतं.

मग मी खडू घेतला आणि ती आकृती फळ्यावर काढली. पहिला फेरा, वरचा भाग. बिंदू कसा जातो ते दाखवायला बाण काढले: उजव्या टोकाकडून निघाला, गाठ मारली, डाव्या टोकाला पोचला. मग खालचा भाग. वरची सावलीच ती, त्यामुळे खाली तसाच उजव्या टोकापासून बाण काढला आणि पुढे बोलू लागले.

“मॅडम.”

मागच्या भिंतीशी हात वर झाला होता.

“तो बाण उलटा आहे. पहिल्या फेऱ्यात बिंदू डाव्या टोकावर जाऊन पोचला. मंग दुसऱ्या फेऱ्यात तो उजवीकून काऊन निघन?”

सगळा वर्ग मागे वळून तिच्याकडे पाहू लागला, मग माझ्याकडे. मी फळ्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं. इतक्या वर्षांनी तिने मला भर वर्गात अडवलं होतं, आणि मला इतका आनंद झाला की क्षणभर हातातला खडू कुठे टेकवायचा तेच सुचेना. मग मी डस्टर उचललं, बाण पुसला आणि डाव्या टोकापासून निघाले.